पांदणीला किती सीसी लागतात?

काळ्या मातीत मोटरसायकल फसली की चाक फिरायचंच थांबतं. बाहेरगावच्या माणसाला हे आधी पटत नाही. त्याला वाटतं, चाक गरागरा फिरेल, माती मागे उडेल, गाडी थोडी नाचेल आणि निघेल. मुरमात किंवा कोकणातल्या लाल चिखलात तसं होतही असेल. यवतमाळच्या वावरातली ओली माती मात्र टायरला गवतासकट चिकटते, गोल फिरून वर जाते आणि मडगार्डच्या आत जाऊन बसते. पंधरा-वीस मीटरमध्ये पुढचं चाक दोरीनं बांधल्यासारखं होतं. मग उतरायचं, बाभळीची काडी शोधायची आणि उकरत बसायचं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. म्हणून कितीतरी शेतकरी मृग लागला की पुढचं मडगार्ड खोलून गोठ्यात टांगून ठेवतात आणि दिवाळीच्या सुमारास परत लावतात.

ट्रेल गाडी घ्यायची म्हणून सल्ला मागायला येणारी मुलं यवतमाळची असोत, पुसदची की वणीची, पहिला प्रश्न एकच विचारतात: किती सीसीची घेऊ? दोनशे पुरेल का, की सरळ चारशे-साडेचारशेला हात घालू? सीसी हा एकच आकडा गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, त्यामुळे तोच आधी दिसतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात किती बोटं मावतात हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ट्रेल गाडीचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं उंच, चाकापासून वीतभर वर लावलेलं असतं, ते नुसतं शोभेला नाही. आपल्या जिल्ह्यात निम्म्या पैशांची वसुली त्या चोचीतूनच होते.

तरी प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर जमिनीपासून सुरू करावं लागतं. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा आहे, सोळा तालुक्यांचा. वर्धा नदीच्या अंगाला, राळेगाव-बाभूळगावकडे सपाट काळी जमीन. पुसद, महागाव, उमरखेडला डोंगर, मुरूम, सागाची पानगळ आणि पानांखाली लपलेले सुटे दगड. घाटंजी आणि झरी-जामणीकडे नाल्यामागून नाले, मधे कोलामांचे पोड म्हणजे वस्त्या, आणि पोडांकडे जाणाऱ्या वाटा. पैनगंगेच्या पात्रात वाळू. हेच सगळं मे महिन्यात पाहिलं तर वेगळंच: काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, पांदणीत बंडीच्या चाकोऱ्या वाळून सिमेंटसारख्या टणक झालेल्या, आणि पारा पंचेचाळीसच्या घरात. पांदणींसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. जिथे मुरूम पडला तिथे बरं झालं. पण ट्रॅक्टरनं एकदा चाकोरी पाडली की तिच्यात पडलेली मोटरसायकल आपल्या मनानं वळत नाही, ती चाकोरी संपेल तिथे नेते.

अशा जमिनीवर लोक आजवर काय चालवत आले? पुण्याच्या फिरोदियांनी १९७२ मध्ये आणलेली पन्नास सीसीची लुना, पुढे बजाजची एम-८०, दूधवाल्यांची राजदूत १७५, आणि शौकिनांची आरएक्स-१००. राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक. दोन बाजूंना दुधाच्या कॅन, मागे एक माणूस, आणि तरी ती चढ चढायची, धूर सोडत, पण चढायची. आरएक्स-१०० हे तर सीसीवाल्यांना कायमचं उत्तर आहे: ९८ सीसी, ११ पीएस, वजन शंभर किलोच्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून त्या काळच्या शंभराची आजच्या शंभराशी तुलना करू नये. घरातला म्हातारा माणूस ‘आमच्या येझदीवर आम्ही तिघं जायचो’ म्हणतो ते खोटं नसतं, पण त्यावरून आज अडीचशेच घे असं निघत नाही.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी-१०० आली, १९९४ ला स्प्लेंडर, आणि जिल्हा फोर-स्ट्रोक शंभरावर गेला तो गेलाच. आजची स्प्लेंडर ९७.२ सीसीची, ८ पीएसची, ११२ किलोची. युरियाची गोणी, चाऱ्याचा भारा, फवारणीचा पंप, शाळेतली दोन पोरं, सगळं तिच्यावर जातं. ऑफ-रोड हा शब्द ज्यानं कधी ऐकला नाही तो माणूस तिच्यावर रोज सहा किलोमीटर ऑफ-रोड करतो. तिला काय जमत नाही तेही तोच सांगेल. नाल्याचा उभा काठ लोड घेऊन चढत नाही, हाफ क्लचवर फार वेळ ठेवली तर क्लच प्लेट जळल्याचा वास येतो, पुढचा शॉकअप दगडावर बसतो आणि बुडाला इंजिन घासतं. यातला पहिला दोष इंजिनाचा. उरलेले गिअरिंगचे, सस्पेन्शनचे आणि उंचीचे. ही फोड नीट केली की अर्धा प्रश्न सुटतो.

सीसी म्हणजे सिलिंडरचं आतलं घनफळ, बस. ते वाढलं की एका पेटण्यात जास्त हवा-पेट्रोल मावतं, ओढ वाढते. पण ती ओढ कुठल्या आरपीएमला मिळते हे घनफळ सांगत नाही. रॉयल एनफिल्डची २०१६ ची हिमालयन ४११ सीसीची होती, पिस्टनची धाव लांब, आणि ३२ न्यूटन-मीटरची ओढ चार-साडेचार हजार आरपीएमलाच हातात यायची. केटीएमची ३७३ सीसीची ३९० अॅडव्हेंचर, आपल्याच चाकणला बनणारी, ३७ न्यूटन-मीटर द्यायची, पण सात हजारांना. कागदावर दुसरी मोठी. बंडीच्या मागे बैलांच्या चालीनं पांदण कापायची असेल तर पहिली सुखाची. दुसरीचा पहिला गिअर त्या चालीला लांब पडतो, क्लच घसरवत राहावं लागतं, आणि रेडिएटरचा पंखा घोंघावायला लागतो.

ज्याला वखर हाकता येतो त्याला हे वेगळं सांगायला नको. खोल नांगरटीला लोक दोन-दोन बैलजोड्या जुंपायचे, डवऱ्याला एकच जोडी, तीही शांत चालणारी. डवऱ्याला चार बैल जुंपून कोणी पऱ्हाटी तुडवत नाही.

आता बाजारातल्या गाड्या. भारतात कारखान्यातून ट्रेल गाडी म्हणून निघालेली आणि खेड्यातल्या माणसाला परवडेल अशी पहिली गाडी मी म्हणेन हिरोची इम्पल्स, २०११ सालची. इंजिन १४९ सीसी, ताकद जेमतेम १३ पीएस, वजन १३४ किलो, आणि जमिनीपासून उंची २४५ मिलिमीटर. सगळ्यांनी तिला एकच नाव ठेवलं: पिकअप नाही. हायवेवर नव्हताच. ती काही वर्षांत बंद झाली. आज ज्यांच्याकडे आहे ते विकायला तयार नसतात, हेही लक्षात ठेवावं. माझ्या मते ती या जिल्ह्याच्या मापाची गाडी होती, फक्त तिला आणखी पाच पीएस हवे होते.

ते पाच पीएस २०१९ च्या मे महिन्यात आले. हिरोच्याच एक्सपल्स २०० चं इंजिन १९९.६ सीसी, ताकद १८ पीएसच्या वर, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, उंची २२० मिलिमीटर, वजन दीडशेच्या थोडं पुढे. २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं, १९ पीएसचं. २०२५ च्या जानेवारीत एक्सपल्स २१० आली: पाण्यानं थंड होणारं इंजिन, सहा गिअर, २४.६ पीएस, पण वजनही एकशे सत्तरच्या आसपास सरकलं, म्हणजे १६८ ते १७० किलो. कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये भारतात उतरली तेव्हा ३ लाख ३० हजारांची होती. पुढच्या वर्षी देशातच बांधणी सुरू झाल्यावर दोन लाखांच्या आसपास आली. तिचं इंजिन २३३ सीसीचं, ताकद साधारण १८ पीएस, म्हणजे जुन्या दोनशेएवढीच. पण वजन फक्त १३९ किलो.

हिशेब करून पाहिला तर स्प्लेंडरला दर शंभर किलोमागे सात पीएस मिळतात, एक्सपल्सला बारा, केएलएक्सला तेरा, नव्या हिमालयन ४५० ला वीस. वीस हा आकडा मोहात पाडतो. फसगत अशी की पीएस तेव्हाच कामाला येतात जेव्हा टायरला जमीन धरता येते. आणि किलो मात्र नेहमीच कामाला येतात, म्हणजे आपल्या अंगावर येतात.

हे मी स्वतःच्या पाठीवर शिकलो. मित्राची चारशेच्या वर्गातली गाडी दोन दिवसांसाठी घेतली होती, ऑगस्ट होता, झरी-जामणीकडचा एक नाला. पाणी गुडघ्याखाली, पलीकडचा काठ कमरेएवढा, चोपण मातीचा. पाणी पार झालं, पुढचं चाक काठावर चढलं, आणि मी घाबरून एक्सलरेटर जास्त पिळला. मागच्या चाकानं दोन सेकंदांत स्वतःसाठी खड्डा खणला. गाडी मागे सरकली, आडवी झाली, मी तिच्या वरच्या अंगाला पडलो म्हणून पाय वाचला. दोष गाडीचा काडीचा नव्हता. मग ती उचलायची. दोनशे किलोच्या आसपासचं धूड, पाय घसरतोय, हँडल चिखलात. तीनदा प्रयत्न केला आणि काठावर बसून राहिलो. अर्ध्या तासानं जवळच्या पोडातले दोघं जण आले, स्प्लेंडरवर, मधे खताची थैली. त्यांनी आपली गाडी अलीकडे लावली, थैली डोक्यावर घेऊन एकानं नाला पार केला, परत आला, मग तिघांनी मिळून माझी उचलली. हात धुता धुता मोठा म्हणाला, “गाडी चांगली हाय भाऊ, पन वावर तं तेच हाय ना.” नंतर त्यांनी स्प्लेंडर पहिल्या गिअरमध्ये टाकली, एक जण बाजूनं चालत, एक जण मागून ढकलत, आणि काठ चढवून निघून गेले. ॲव्हरेज किती देते हेही त्यांनी जाता जाता विचारलं. तीस म्हटल्यावर हसले नाहीत, पण एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हापासून सल्ला मागणाऱ्याला मी आधी विचारतो: एकटा जाणार की सोबतीनं? चार जणांचा गट असेल तर १९६ किलोची हिमालयन उचलायला हात आहेत. एकट्यानं दीडशे किलोच्या फार वर जाऊ नये. आडवी पडलेली गाडी एकट्यानं सरळ उभी करता आली नाही तर ती गाडी आपली नाही, मग तिचं इंजिन कितीही चांगलं असो. शोरूममध्ये हे करून पाहू देणार नाहीत. ओळखीच्या कोणाची तरी गादीवर आडवी टाकून उचलून पाहावी. लाज वाटून घेऊ नये.

उंचीचंही तसंच. एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटरच्या आसपास, केएलएक्सची ८८०, एक्सपल्सच्या रॅली आवृत्तीची ८९१. साडेपाच फुटी माणसाच्या ८८० वर दोन्ही टाचा टेकत नाहीत, आणि चाकोरीत पाय टेकवायला लागतोच. हलकी गाडी बोटांवर सांभाळता येते, जड नाही. म्हणजे पुन्हा किलोवरच आलो.

ज्याच्याकडे आधीच दोनशे आहे आणि ‘दम कमी पडतो’ म्हणून मोठी घ्यायची म्हणतो, त्यानं आधी पुढचं स्प्रॉकेट बदलून पाहावं. गॅरेजमध्ये त्याला चेन-सॉकेट म्हणतात. चौदा दात्यांचं काढून तेराचं बसवलं तर चाकावरची ओढ सुमारे आठ टक्के वाढते, पहिला गिअर तेवढाच सावकाश होतो, आणि खर्च काही शेकड्यांत. वरचा वेग कमी होतो, पण पांदणीत वरचा वेग कोणाला हवाय? त्यानंतर बटन टायर, आणि टायरमधली हवा थोडी कमी. हे तीन झाल्यावर ज्याचा दम अजूनही कमी पडतो असे लोक मला फार थोडे भेटले.

अडीचशेच्या वर्गाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे ट्रेलच्या नावावर बरंचसं रस्त्याचंच असतं. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, केटीएमची २५० अॅडव्हेंचर, या प्रवासाला उत्तम गाड्या आहेत. सुझुकीचं इंजिन २६.५ पीएसचं, गोडच. पण पुढचं चाक १९ इंची, तारांऐवजी अलॉयचं, जमिनीपासून उंची २०५. पुसदच्या मुरमाड घाटात चालेल. भेगाळलेल्या काळ्या रानात नको.

मोठ्या इंजिनाची बाजू मांडायची तर ती महामार्गावर मांडावी लागते, आणि तिथे ती भक्कम आहे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. पांढरकवड्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तर असा की ट्रकच्या रांगेत ऐंशीनं चालणारी गाडी म्हणजे अडथळा. जुनी दोनशे ऐंशी-नव्वदपर्यंत खुशीत असते, त्यापुढे हँडलमध्ये मुंग्या येतात आणि समोरची बस मागे टाकायला दम धरावा लागतो. हिमालयन ४५० इथे वेगळीच गाडी आहे: ४५२ सीसी, ४० पीएस, १७ लिटरची टाकी. जो दर शनिवारी चिखलदऱ्याला जातो, वर्षातून एकदा लडाखचं स्वप्न पाहतो आणि वाटेत दोन-चार किलोमीटर कच्चा रस्ता लागतो, त्यानं तीच घ्यावी. लडाखला उंचीमुळे हवा विरळ होते, दर हजार मीटरला इंजिन अंदाजे दहा टक्के ताकद गमावतं, तेव्हा शिल्लक असलेली बरी. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे. इथल्या हवेनं अजून कोणाचे पीएस खाल्लेले नाहीत.

उन्हाळ्यानं मात्र खाल्लेत. मे महिन्यात दुपारी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वाळू तुडवत जायचं तर हवेनं थंड होणारं इंजिन तापतं, ओढ मंदावते, आणि मांड्या भाजतात. पाण्यानं थंड होणाऱ्या एक्सपल्स २१० चा खरा फायदा मला इथे वाटतो, तिच्या जादा सहा पीएसपेक्षाही. उलट बाजू अशी की रेडिएटर हा एक नाजूक भाग वाढला, आणि पळसाच्या खोडानं तो फुटला तर तालुक्याच्या गॅरेजमध्ये त्याला एम-सील लावून देतील, पुढचं देवावर.

सुट्या भागांचा हिशेब लोक शेवटी करतात, तो आधी करावा. क्लच केबल, ब्रेक लिव्हर, क्लच प्लेट या तीन वस्तू आर्णीत किंवा उमरखेडला त्याच दिवशी मिळतात का? हिरोच्या दोनशेचे भाग मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बाकीच्यांसाठी नागपूरचा फेरा धरून चालावं, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो फेरा आठवडाभर पुढे जातो.

पैशांच्या बाबतीत तर सरकारनंच रेघ मारून दिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के. आधी उपकर धरून तो ३१ होता. विम्याची पायरीही ३५० लाच आहे. २०२२ च्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्यापुढे १५,११७. म्हणजे ३९९ सीसीची केटीएम ३९० एन्ड्युरो किंवा हिमालयन ४५० घेणारा माणूस इंजिनाच्या जादा पन्नास-शंभर सीसीसाठी दुपटीहून अधिक कर भरतो. तो भरायला हरकत नाही, कशासाठी भरतोय ते ठाऊक असावं. एन्ड्युरो ही तशी खरोखर रानाची गाडी आहे, ४६ पीएसची, पण ती शिकलेल्याची गाडी आहे. नव्या माणसाच्या मनगटात ते ४६ पीएस ओल्या काठावर काय करतात ते वर सांगितलंच.

कोणी डकारचं उदाहरण देतं. डकार रॅलीत २०१५ मध्ये सी. एस. संतोष शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, २०२४ मध्ये रॉस ब्रांच हिरोच्या गाडीवर दुसरा आला. वाळवंटं, हजारो किलोमीटर. पण तिथेसुद्धा आयोजकांनीच इंजिनाला ४५० सीसीची मर्यादा घातली, वेग हाताबाहेर जात होता म्हणून. आणि डकारच्या गाडीमागे मेकॅनिकांचा ट्रक असतो. आपल्यामागे असतो तो मावसभाऊ, तोही फोन लागला तर.

आणखी एक गोष्ट सीसीशी संबंधित नसली तरी सांगायला हवी. जंगल दिसलं की वाट काढायची असं नाही. टिपेश्वर अभयारण्यात, उमरखेडकडच्या पैनगंगा अभयारण्यात मोटरसायकल घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये तिथून निघून पायी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याला लागल्या तशाच नदीनाल्याच्या वाटा आपल्यालाही लागतात, अभयारण्याच्या हद्दीबाहेरही. तिन्हीसांजेला त्या वाटांवर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून फिरणाऱ्या माणसाला मी गाडीच सुचवत नाही. शिवाय जागलीला मचाणावर बसलेला माणूस रोही हाकलायला फटाके फोडतो, त्यात आपली भर कशाला.

मग सांगतो काय? ज्याला शिकायचं आहे, एकटं फिरायचं आहे आणि आठवड्यातले पाच दिवस जिल्ह्यातच राहायचं आहे, त्याला दोनशे ते अडीचशेच्या मधलं हलकं इंजिन. वजनाला भिणाऱ्याला केएलएक्स, भागांना भिणाऱ्याला जुनी एक्सपल्स, अगदी वापरलेली मिळाली तरी. उन्हाळ्यातही थांबायचं नसेल आणि नागपूर अधूनमधून लागत असेल तर २१०. महामार्ग जास्त आणि रान कमी असेल तर खुशाल साडेचारशे, जीएसटी भरून. आणि ज्याला नुसतं वावरात जायचं आहे पण हौस भागवायची आहे, त्याला मी अजूनही म्हणतो, घरची शंभर आहे ना, तिला बटन टायर घाल, पुढचं मडगार्ड वर घे, बुडाला पत्रा मार, आणि एक पावसाळा काढ. यातले निम्मे जण पुढच्या वर्षी नवी गाडी घ्यायला येतात तेव्हा सीसी विचारतच नाहीत. वजन विचारतात.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, राळेगावकडचा, कापसाचे पैसे हातात. चारशे पक्की करूनच आला होता, माझ्याकडून फक्त होकार हवा होता. मी त्याला त्याच्या स्वतःच्या शेताची वाट विचारली. त्यानं वाट सांगितली: डांबरी सुटली की दीड किलोमीटर पांदण, मग नाला, मग धुऱ्यानं उजवीकडे. नाल्यावर आता रपटा झालाय का म्हटलं, तर नाही म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि विचारू लागला, “ते मडगार्ड वर घ्यायला कोण चांगला आहे इथं?”